झोपल्यानंतरचा रकाना

तीस वर्षं डायटिशियन म्हणून नोकरी केल्याचा एक तोटा म्हणजे लग्नाच्या जेवणात माझ्या शेजारी कुणी बसत नाही. मी ताट घेऊन दिसले की ओळखीच्या माणसांच्या जिलब्या पोळीखाली जातात. एकदा औरंगपुऱ्यात भजीच्या गाडीवर एका गृहस्थांनी मला पाहताच हातातली प्लेट शेजारच्या परक्या माणसाला दिली आणि "नमस्कार मॅडम, सहज उभा होतो," म्हणून ते निघून गेले. परक्या माणसानं इकडंतिकडं पाहिलं आणि भजी खाऊन टाकली. माझ्यामुळं कुणाचं पोट भरल्याची ती बहुधा एकमेव नोंद असावी.

मी होते शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात. तळमजल्यावर माझी खोली, शेजारी रक्त घ्यायची खोली, आणि मधे प्लायवूडची एक भिंत. पलीकडं नसीमआपा. तीस वर्षांपैकी बावीस वर्षं आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंना काढली. पेशंटची साखर किती आली हे मला कागदाआधी भिंतीतून कळायचं. आपा तिकडून म्हणायच्या, "ताई, संभालो, तीन सौ चालीस आ रहे." पाठोपाठ दारात तीनशे चाळीस येऊन उभे राहायचे, चेहरा अगदी निष्पाप.

लोकांना वाटतं, आमचं मुख्य हत्यार म्हणजे वजनकाटा. तसं नाही. आमचं हत्यार म्हणजे एक प्रश्न: काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं? हा प्रश्न विचारला की भल्याभल्यांची स्मरणशक्ती जाते. साखर सोडली म्हणणारे गूळ खातात. भात सोडला म्हणणारे पोह्यांची वाटी भरून घेतात. चितेगावच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरनं "मॅडम, मी दिवसभर काहीच खात नाही," असं छातीठोक सांगितलं आणि सांगता सांगता खिशातून शेंगदाणे काढून तोंडात टाकले. मी बघत राहिले, तेव्हा त्यानं मलाही चार दिले.

या विसराळूपणावर उपाय म्हणून मी एक वही काढली. पिवळ्या कव्हरची, आमच्याच गल्लीतल्या प्रेसमधून छापून घेतलेली. पहिल्या पानावर सूचना: उठल्यापासून झोपेपर्यंत जे जे तोंडात जाईल ते लिहा. आत पाच रकाने. उठल्यावर, न्याहारी, दुपारचं जेवण, संध्याकाळ, रात्रीचं जेवण. रकाने मी स्वतः पट्टी घेऊन आखले होते. भिजवलेला एक बदामसुद्धा यातून निसटणार नाही, असं मी नव्या नर्सांना ऐकवायचे. मला त्या वहीचा इतका अभिमान होता की निवृत्त होताना ती फ्रेम करून द्यावी असं मी दोघांतिघांना सुचवूनही ठेवलं होतं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी माझ्या दारात कडूबा सोनवणे आले. नाव कडूबा आणि साखर तीनशे, यावर आपा दोन दिवस हसत होत्या. वेरूळचे गाईड. तीस वर्षं लेणी दाखवत होते. मराठी, हिंदी, कामापुरती इंग्रजी आणि जपानी भाषेतली तीन वाक्यं, त्यांतलं एक "डोकं सांभाळा". दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, पण लेणी तोंडपाठ असल्यामुळं वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एके दिवशी त्यांनी पर्यटकांपुढं हात करून सांगितलं, "हे द्वारपाल पाहा. रुंद खांदे, भक्कम ठेवण, पोट किंचित सुटलेलं, पण चेहऱ्यावर शांती बघा." द्वारपाल म्हणाले, "अहो, मी नागपूरचा आहे."

मंडळी हसून हसून पायऱ्यांवर बसली. गाईड मोठा विनोदी आहे, असं त्यांना वाटलं. कडूबांच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. ज्याला स्वतःला दिसत नाही त्यानं दुसऱ्याला काय दाखवायचं, असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं. हिवाळ्यातली गर्दी सुरू व्हायच्या आत एका डोळ्याचं तरी ऑपरेशन व्हायला हवं होतं. डोळ्यांचे डॉक्टर तयार होते. त्यांची अट एकच, रिकाम्या पोटीची साखर आवाक्यात आली पाहिजे. ती आणायची जबाबदारी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांची, आणि खाण्यापुरती माझी.

मी त्यांना वही दिली. त्यांना बारीक अक्षर दिसत नसल्यामुळं ते जाड मार्करनं लिहायचे. अक्षरं एवढी मोठी की एका पानावर एकच भाकरी मावायची. पण माणूस शिस्तीचा. एकही दिवस चुकवला नाही. दुपारी भाकरी, भाजी, ताक. संध्याकाळी चहा बिनसाखरेचा. रात्री एक भाकरी, वरण, मेथी. न्याहारीच्या रकान्यात रोज एकच: काही नाही, फक्त चहा. मी त्यापुढं लाल पेनानं "छान" असा शेरा मारायचे. तो शेरा आठवला की आजही माझे कान गरम होतात.

पहिल्या महिन्यात आपा भिंतीतून म्हणाल्या, दोनशे नव्वद. दुसऱ्या महिन्यात तीनशे दहा. गोळ्या वाढवल्या. तिसऱ्या महिन्यात तीनशे चोवीस. ऑपरेशनची तारीख तिसऱ्यांदा पुढं गेली. एवढी स्वच्छ वही आणि एवढी घाण साखर, म्हणजे वही खोटी, असा मी सरळ हिशोब मांडला. बाहेरच्या बाकावर आठदहा माणसं बसलेली होती आणि माझं दार उघडं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "कडूबा, वहीत एक भाकरी आणि पोटात चार, असं करून डोळा तुमचाच जाईल. माझं काय जातंय?"

बाकावरचं कुणीतरी हसलं. कडूबांनी मार्करला टोपण लावलं, तो खिशात ठेवला, "बरं मॅडम," म्हणाले आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर गेले. वही टेबलावरच राहिली. पलीकडून आपांचा आवाज आला, "ताई, जरा ज्यादा हो गया." मी त्यांना तुमचं काम बघा म्हणाले.

आठ दिवसांनी एक बाई आल्या. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, वेरूळहून बसनं आलेल्या. पाणी दिलं तर घेतलं नाही. द्वारकाबाई सोनवणे, कडूबांच्या बायको. "वही कुठंय आमच्या ह्यांची?" त्यांनी विचारलं. मी दिली. त्यांनी पान उघडलं आणि एकेका रकान्यावरून बोट फिरवलं.

"मला वाचाया थोडंच येतं," त्या म्हणाल्या, "पर मोजता येतं. ह्यो शेवटचा रातच्या जेवणाचा. त्याच्या फुडं काय?"

"त्याच्यापुढं झोप."

"झोप व्हय," असं म्हणून त्या माझ्याकडं बघून चक्क हसल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मी हातातला पेन तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. कडूबा रात्री दोनदा, कधी तीनदा उठायचे. पूर्ण जागे असायचे. स्वयंपाकघरात जाऊन भाकरी, गूळ, शेंगदाण्याची चटणी, असेल ते खायचे, आणि खाल्ल्याशिवाय पुन्हा डोळा लागायचा नाही. लेणी बंद होती त्या वर्षापासून हे सुरू झालं. लॉकडाऊनमध्ये महिनोन् महिने एक पर्यटक नाही, आणि ज्या माणसानं आयुष्यभर दिवसाला हजार वाक्यं बोलली तो घरात भिंतीकडं बघत बसलेला. सुरुवातीला ते अंधारात डबे पाडायचे, सगळं घर जागं व्हायचं, आणि कडूबा ते मांजरावर ढकलायचे. घरात मांजर नव्हतं.

म्हणून द्वारकाबाईंनी काय केलं, तर ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात एक ताटली ठेवायला सुरुवात केली. त्यात भाकरी आणि काहीबाही, वर टोपलं झाकलेलं. रोज त्याच जागी, म्हणजे चाचपडता हात बरोबर तिथं पोचेल. सकाळी ताटली रिकामी. त्या ती घासून आत ठेवून द्यायच्या. हे चार वर्षं चाललं होतं आणि नवराबायकोंत यावर एक शब्द झालेला नव्हता. बायकोचा स्वयंपाक रोज उरतो, अशी कडूबांची समजूत होती.

"आन् तुमी म्हणता, खोटं लिवतेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमी इचारलं तेवढं समदं त्यांनी खरं लिवलं."

माझी ती फ्रेम करण्याजोगी वही झोपेच्या दारात थांबत होती. कडूबांना लाज वाटत होती, आणि ती लाज लपवायला मीच त्यांना जागा आखून दिली होती, पट्टी घेऊन.

आता थोडं शहाणपण सांगते, ते ऐकूनच पुढं जाऊ. या प्रकाराला आजार म्हणून नाव आहे, रात्रीच्या खाण्याचा विकार. बारा वाजता मालिका बघत चिवड्याचा डबा संपवणं म्हणजे हा विकार नाही, तो डबा समोर ठेवण्याचा दोष आहे. यात दिवसभराच्या खाण्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त रात्रीच्या जेवणानंतर पोटात जातो, किंवा झोपेतून उठून उठून खाल्लं जातं. माणूस शुद्धीवर असतो, सकाळी त्याला सगळं आठवतं. काहींना झोपेच्या गोळ्यांमुळं बेसावधपणे खायची सवय लागते आणि सकाळी काही आठवत नाही, ते प्रकरण वेगळं. ह्या विकाराची दुसरी खूण म्हणजे सकाळी भूक मेलेली असते. संध्याकाळनंतर मन उतरतं, आणि खाल्ल्याशिवाय झोप येणारच नाही अशी खात्री बसते. वजन, साखर, झोप आणि मन एकमेकांचे पाय ओढत राहतात. आम्ही रिकाम्या पोटीची म्हणून जी साखर मोजत होतो, ती पहाटे तीनच्या गूळभाकरीवरची होती. "जेवून किती वेळ झाला?" असं आपा विचारायच्या. कडूबा जेवणाची वेळ सांगायचे, आणि ती खरी असायची.

हे सगळं मला एका प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. हा मोठमोठ्या फ्रिजवाल्या देशांचा आजार दिसतो, असं समजून मी त्या तासाला डुलकी काढली होती.

निघताना द्वारकाबाईंनी एक अट घातली. त्यांना हे चार वर्षं माहीत आहे असं कडूबांना सांगायचं नाही. महिनाभरापूर्वी सहज दिसलं, एवढंच सांगायचं. "चार वर्सं बघतेय कळलं तर तोंड दाखवायचे नाय मला," त्या म्हणाल्या. खरं बोला म्हणून गावाला दटावणारी मी, पटकन हो म्हणाले.

रविवारी मी वेरूळला गेले. कडूबा तिकीटखिडकीजवळच्या झाडाखाली बसलेले होते, काम न घेता. मी शेजारी दगडावर बसले आणि माफी मागितली. चूक तुमची नाही, वहीची आहे, म्हणाले, आणि नवी वही त्यांच्या हातात दिली. तीत मी पेन्सिलनं सहावा रकाना आखला होता: झोपल्यानंतर. त्यांनी ती नाकाला टेकेल इतकी जवळ धरून वाचली. बायकोनं महिनाभरापूर्वी पाहिलं, हेही मी न अडखळता सांगून टाकलं.

"ह्याला नाव हाय का मॅडम?" त्यांनी विचारलं.

"आहे. डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. औषधही आहे."

त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "म्हंजी मी चोर नाय. मला वाटायचं, माणूस आपल्याच घरात चोरी कराया लागला म्हंजी त्याचं काय ऱ्हायलं."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं, आणि मग आठवलं की त्यांना तसंही दिसत नव्हतं. मग मला हसू आलं. त्यांनी कशाला हसता विचारलं, मी खरं ते सांगितलं, आणि तेही हसायला लागले. तिकीटखिडकीतला माणूस वाकून बघायला लागला.

उपचार सुरू झाले. आधी, रात्री साखर उतरल्यामुळं भूक लागते की काय, हे तपासलं. आपांनी द्वारकाबाईंना मशीनवर साखर बघायला शिकवलं. उतरत नव्हती. मग मनाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. "भूक पोटाला अन् डॉक्टर डोक्याचा, असं कसं?" म्हणून कडूबांनी एक दिवस खळखळ केली, पण गेले. औषध मिळालं, झोपेचं वेळापत्रक मिळालं, सकाळच्या उन्हात फिरायला सांगितलं. मी न्याहारीच्या मागं लागले. ज्याला सकाळी भूकच नाही त्याला दोन घास खायला लावणं हे काम सासूबाईंना सिनेमाला राजी करण्याइतकंच अवघड असतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं: उपमा. चार चमचे. तुमच्यासाठी.

ताटलीचं खातं द्वारकाबाईंनी आणि मी वाटून घेतलं. एकदम बंद करायची नाही, तिच्यातला ऐवज बदलत जायचा. पहिल्या आठवड्यात गूळ गेला. दुसऱ्या आठवड्यात भाकरी अर्धी झाली. मग पाव भाकरी आणि मूठभर फुटाणे. मग एका रात्री नुसती काकडी. त्या रात्री कडूबांनी टोपलं उचललं, चाचपलं आणि अंधारात हळूच "अरं देवा" म्हणाले. द्वारकाबाई पलीकडं डोळे मिटून पडल्या होत्या, त्यांना तोंडात पदर कोंबावा लागला. सकाळी सहाव्या रकान्यात मार्करनं लिहिलेलं होतं: काकडी. दोनदा. वाईट वाटलं.

एके दिवशी सकाळी सहाला माझा फोन वाजला. द्वारकाबाई होत्या. "मॅडम, ताटली तशीच हाय."

"आणि कडूबा?"

"झोपलेत."

"मग चांगलंच झालं की."

"मला काय ठावं? चार वर्सांत असं कवा झालं नाय. नाकापुढं दोनदा हात धरला. तिसऱ्यांदा उठवलंच."

चार वर्षांत पहिल्यांदा सलग लागलेली झोप बाईंनी हलवून मोडली होती. दचकून उठलेल्या कडूबांनी काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, काय नाय, झोपा. मी फोनवर इतकी हसले की आमच्याकडचे सगळे उठले. पलीकडून द्वारकाबाईही हसत होत्या, पण मधेच नाक ओढल्याचा आवाज आला.

सगळ्या रात्री तशा गेल्या नाहीत. सहाव्या रकान्यात अधूनमधून फुटाणे यायचे, एकदा तर चक्क पुरणपोळी आली. पण तीन महिन्यांनी एका सकाळी भिंतीपलीकडं बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग आपा स्वतः उठून माझ्या दारात आल्या. "ताई, एक सौ अट्ठाईस. मशीन तो ठीक है ना?" त्यांनी दुसऱ्या मशीनवर पुन्हा बघितली. एकशे तीस आली. आम्ही दोघींनी कडूबांसमोर एकमेकींना मिठी मारली, ते बिचारे कुणाला काय झालं म्हणून विचारत राहिले. हिवाळ्यातली निम्मी गर्दी हुकली, पण डोळ्याचं ऑपरेशन झालं.

त्या काळात मी कपाटातले जुन्या पिवळ्या वह्यांचे गठ्ठे काढून बसले होते. न्याहारीपुढं "फक्त चहा", शेजारी माझं लाल "छान". एक पान, दुसरं पान, तिसरं. एक शाळेतल्या बाई होत्या, वजन उतरत नाही म्हणून मी त्यांनाही झापलं होतं, आणि त्या परत आल्या नव्हत्या. त्यांची वही हातात आल्यावर मी गठ्ठा बांधून ठेवला. पुढचं बघायची हिंमत झाली नाही. वही फ्रेम करायचं मी पुन्हा कुणाला सुचवलं नाही. नवी वही सहा रकान्यांची छापून घेतली, आणि "सकाळी भूक लागते का?" हा प्रश्न सगळ्यांत वर टाकला.

माझ्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना नवराबायको दोघं आले. कडूबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं, पेढे. मी सवयीनं नको नको म्हणायला लागले. त्यांनी कागद उलगडून एक छोटी स्टीलची ताटली टेबलावर ठेवली.

"वाचा मॅडम."

आपल्याकडं भांडं घेतलं की दुकानातच मशीननं त्यावर नाव घालून घेतात, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत. ताटलीच्या काठावर तसं बारीक नाव होतं: कडूबा. खाली, दिवाळी, आणि चार वर्षांपूर्वीचं साल.

"घरातली समदी भांडी बापाच्या नावाची," कडूबा म्हणाले. "माझ्या नावाचं हे एकच. दिवसा कवा बाहेर निघालंच नाय. काल गावलं. आन् तुमी तर म्हणला व्हता, तिला कळून महिना झाला."

मी छताकडं बघितलं. पंखा बंद होता, तरी मी त्याकडं बघत राहिले.

"म्हंजी वही माझी खरी," ते म्हणाले, "आन् खोटं बोलणाऱ्या तुमी दोघी."

भिंतीपलीकडं आपांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, त्या कान लावून होत्या. कडूबा बायकोकडं वळले. तिनं लग्नापासून त्यांचं नाव कधी घेतलेलं नव्हतं, मग दुकानदाराला सांगितलं कसं, असं त्यांनी विचारलं.

"तुमचं गाईडचं कार्ड दावलं," द्वारकाबाई म्हणाल्या.

कडूबांनी चष्मा काढला. नव्या डोळ्यात पाणी आलं होतं, आणि डॉक्टरांनी तो डोळा चोळायला बंदी केलेली होती, म्हणून ते हात मांडीवर घट्ट धरून तसेच बसले. मग म्हणाले, "चार वर्सं बोलली का नाय तू?"

द्वारकाबाईंनी ताटली उचलली, पदरानं पुसली आणि पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली.

"दिसाया लागलं," त्या म्हणाल्या, "म्हणून काय समदं वाचायचं असतं व्हय?"